खाटेला हात

निपाणीत समाजसेवेच्या क्लबांना तोटा नाही. कोट असतात, बॅज असतात, एक रोप लावायला नऊ हात पुढे येतात आणि फोटो निघाला की त्या रोपाकडे कोणी ढुंकून बघत नाही. तानीबाईंच्या ‘सोबत मंडळा’कडे यातलं काहीच नाही. मी मंडळाचा एकमेव पुरुष सभासद. स्कूटर आहे म्हणून मला घेतलं, असं बायका तोंडावर सांगतात.

तानीबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. त्यांचे यजमान कोल्हापूरच्या एका दवाखान्यात शेवटच्या आजारात होते. “खाली जाऊन घोटभर चहा पिऊन या,” असं कोणीतरी म्हणालं म्हणून बाई गेल्या. परत आल्या तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. तो चहा त्यांना जन्मभर पोळत राहिला. पुढे वखारीतल्या बायकांना बुद्धविहारात जमवून त्यांनी मंडळ काढलं. ज्याचं कोणी नाही त्याच्या खाटेपाशी बसायचं, एवढंच काम. नियमही एकच. बदलीच्या बाईने खाटेला हात लावल्याशिवाय पहिलीने उठायचं नाही. चहालाही नाही.

या नियमाचा जाच सगळ्यात जास्त झाला तो त्यांच्या मुलीला, समताला. दहावीच्या परीक्षेत ती तापाने फणफणली होती आणि आई बेळगावात कोणा परक्या म्हातारीच्या उशाशी. समता पुढे शिक्षिका झाली, पण मंडळाकडे कधी फिरकली नाही. “आमची आई सगळ्या गावाची,” असं ती म्हणायची. त्यात कौतुक नसायचं.

यंदा ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तारखेला अजून अवकाश होता. बोरगावचे तम्मण्णा, पोरंबाळं नसलेले म्हातारे विणकर, कोल्हापूरच्या दवाखान्यात एकटे पडले होते. जाणारी बाई आयत्या वेळी आजारी पडली. “आजची रात बसते, सकाळी मालू आली की माघारी येते,” म्हणून तानीबाई निघाल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. पण त्यांच्यापुढे बोलून कधी कोणाचं चाललंय?

सकाळी सीमाप्रश्नावरून बंद पुकारला गेला. मंडळातल्या मालुबाईंना स्कूटरवर घेऊन मी सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापर्यंत पोचलो आणि पोलिसांनी अडवलं. पुढे दगडफेक सुरू आहे, कोणालाही सोडणार नाही. तेवढ्यात तानीबाईंच्या शेजारणीचा फोन आला. “समताला कळा सुरू झाल्यात, रक्तदाब वाढलाय, इथल्याच दवाखान्यात दाखल केलंय, पण माझ्या घरी तान्हं पोर आहे, मला थांबता येणार नाही.” जावई बेंगळुरूहून निघाला होता. म्हणजे समतापाशी कोणीच नव्हतं.

शेजारणीने तानीबाईंनाही कळवलं होतं. पुढचं मला त्यांनीच नंतर सांगितलं. कोल्हापूरच्या दवाखान्याच्या दारात निपाणीकडे येणारी ॲम्ब्युलन्स उभी होती. ॲम्ब्युलन्सला बंद आडवा येत नाही. ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, बसा. आत्ता निघतोय.” तम्मण्णांचा श्वास लागला होता. बोलता येत नव्हतं, पण बाईंचा पदर त्यांनी मुठीत धरला होता. नर्सच्या अंगावर अख्खा वॉर्ड.

माझा फोन वाजला.

“कुठं हायसा?”

“कोगनोळीतच अडकलोय.”

“मग माघारी फिरा. मालूला समतीकडं न्या. पळा लवकर.”

“आणि तुम्ही? निपाणीकडं एखादी ॲम्ब्युलन्स येत असंल न्हवं?”

“गेली,” त्या म्हणाल्या. “मी गेली न्हाय.”

स्कूटर एवढी जोरात मी कधी चालवली नव्हती. मालुबाई मागे बसून रस्ताभर माझ्यावर ओरडत होत्या, हळू चालवतो म्हणून. दवाखान्यात त्या धावत आत गेल्या आणि त्यांनी समताच्या खाटेला हात लावला. समताने डोळे उघडले. “आई आली?”

मालुबाईंनी फोन लावून तिच्या कानाशी धरला. मी दाराबाहेर होतो, तरी तिचं बोलणं ऐकू आलं. “शेवटी माझ्या वाट्यालाही तुझं मंडळच आलं, आई.” मग कळ आली आणि ती ओरडली. पलीकडून तानीबाई नुसत्या “समते, समते” करत राहिल्या. तिला ऑपरेशनला आत नेलं. मालुबाई दारापाशी उभ्याच. मी चहा आणला तर माझ्यावर खेकसल्या.

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

तम्मण्णा दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. मूठ सोडवून घ्यायला नर्सची मदत लागली. रस्ता सुटला तशा तानीबाई मिळेल त्या गाडीने आल्या, पण खोलीच्या उंबऱ्यातच अडल्या. इतक्या खाटांपाशी बसलेली ही बाई, स्वतःच्या लेकीकडे जायला घाबरली होती. मालुबाई अजून जागेवरच होत्या.

शेवटी तानीबाई आत गेल्या आणि त्यांनी खाटेला हात लावला. मालुबाई उठल्या.

समता भिंतीकडे तोंड करून निजली होती. मग तिने हात मागे नेऊन आईचा पदर चाचपला, मुठीत धरला.

“आता चहालाही उठायचं नाहीस,” ती म्हणाली.