घोटाईची जागा

आमच्या मोहल्ल्यात माणूस कुठे बसला आहे ते पाहिलं की त्याचं वय कळायचं. जुन्नरला तेव्हा हातकागद करणारी थोडी घरं अजून तग धरून होती, त्यांतलं एक आमचं. तागाची जुनी दोरखंडं आणि चिंध्या चुन्यात मुरवून पायाने दाबायच्या जड मुसळाखाली कुटायच्या, हे काम तरण्यांचं. हौदाशी उकिडवं बसून जाळीवर लगदा झेलायचा आणि ताव उचलायचा, हे कर्त्या पुरुषाचं. मग भिंतीवर वाळलेला, खळ लावलेला ताव फळीवर पसरून गारगोटीने घोटायचा, बोरू त्यावर सरसर चालेल असा चकचकीत करायचा, हे काम म्हाताऱ्यांचं. हे कुणी ठरवलं ते ठाऊक नाही. पण घोटाईच्या फळीवर धडधाकट माणूस बसलेला दिसला तर मोहल्ला त्याला नावं ठेवायचा.

घोटणाऱ्याचा वाटाही ठरलेला होता. दहा दस्ते, म्हणजे चोवीस-चोवीस तावांचे गठ्ठे, घोटले की एक त्याचा. तो त्याने हिशेबाच्या बह्या शिवणाऱ्या दुकानदाराला विकावा आणि पैसे स्वतःच्या गाठीला बांधावेत, कुणी विचारायचं नाही. ज्याच्या हातात गारगोटी त्याची ती जागा. त्याने आपल्या हाताने गारगोटी दुसऱ्याला दिली की जागा त्या दुसऱ्याची झाली, आणि दिलेली गारगोटी मागे घ्यायची रीत नव्हती. आता मी दर महिन्याला सही करून माझं पेन्शन आणतो, तेव्हा वाटतं की आमच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या कागद्यांनी ही सोय फार आधीच करून ठेवली होती.

माझे आईबाप प्लेगात गेले. मला वाढवलं फुफीने, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीने. ती विधवा होऊन माहेरी परतली होती. घर चाचाचं, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाचं. तो आणि चाची फुफीला आपा म्हणायचे. हौदावर चाचा, चुलीवर चाची आणि अंगणातल्या फळीवर फुफी, असा आमचा कारभार चालायचा. घरात आम्ही दखनी आणि मराठीची खिचडी बोलायचो. इथे ती मराठीतच लिहितो.

तब्येत कशी राखावी ते फुफीकडे पाहून शिकावं. सूर्य वर यायच्या आत ती कुकडी नदीवर जाऊन यायची, काही काम नसलं तरी. एक दस्ता उजव्या हाताने घोटला की पुढचा डाव्या हाताने घोटायची. उजव्याच हाताने घोटणाऱ्यांचा एक खांदा खाली आलेला असे, फुफीचे दोन्ही सारखे होते. दुपारची भाकरी खाल्ली की अंगणात फेऱ्या मारायची आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवून मोकळी व्हायची. साठी उलटली तरी सुईत दोरा स्वतः ओवायची आणि माझ्याकडे असं पाहायची, की आता बोल. मला आज डॉक्टर पैसे घेऊन फिरायला सांगतात आणि मी कुरकुर करतो. फुफी असती तर तिने माझा कान धरला असता.

दर गुरुवारी एक आंधळा फकीर गल्लीत यायचा. त्याची काठी वाजली की फुफी हातातला ताव खाली ठेवून उठायची आणि ओढणीच्या गाठीतला पैसा त्याच्या हातावर ठेवायची. चाचीने कधी पीठ पुढे केलं तर म्हणायची, तुझं तू घाल, माझं मी घालते. यात तिचा थोडा तोराही होता. मला तो आवडायचा.

मी मराठी सातवी पास झालो आणि आंबेगाव पेट्यात, डोंगराकडच्या एका खेड्यात मास्तर म्हणून लागलो. आमच्या घराण्यात कागदावर लिहून पोट भरणारा मी पहिलाच. तोवर सगळ्यांनी दुसऱ्यांनी लिहावं म्हणून कागद केला होता. पहिला पगार घेऊन जुन्नरला आलो तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. फुफीसाठी लुगडं आणलं होतं, आणि मनात एक मोठा बेत होता.

अंगणात सगळे होते. फुफी फळीवर होती. चाचा भिंतीला टेकून गुडघे चोळत होता. वर्षानुवर्षं ओल्यात उकिडवं बसून त्याचे गुडघे कामातून गेले होते. हौदावरून उठताना तो दोन्ही हातांनी काठ धरायचा. घोटाईवर यायची त्याची वेळ झाली होती, पण आमच्या घरात काम एका फळीपुरतं आणि फळीवर थोरली बहीण. तो कधी बोलला नाही. मी मात्र एका दगडात दोन पक्षी मारायला निघालो होतो. मी फुफीचा हात धरला, आता बस झालं म्हणालो, यापुढे तुला मी पोसणार, दर महिन्याला दोन रुपये मनिऑर्डरने येतील, तू आरामात बस. आणि तिचा गारगोटीचा हात तसाच चाचापुढे नेला.

फुफीने माझ्याकडे पाहिलं, मग चाचाच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि मूठ उघडली. चाचाने गारगोटी घेतली आणि डोळ्यांना लावली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. शेजारचे माझी तारीफ करू लागले, पोर असावं तर असं. फुफी एवढंच म्हणाली की अल्ला तुझं भलं करो. ती उठली आणि अंगणात उभी राहिली, कारण कुठे बसायचं ते तिला ठाऊक नव्हतं. मला ते दिसलं होतं. मी त्याचा अर्थ आनंदाने गोंधळली असा घेतला, आणि या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

सहा-सात महिने मनिऑर्डर वेळेवर गेली. फुफी त्यातून आपल्या जेवणाखाण्याचे पैसे चाचीच्या हातावर ठेवायची. चाची नको म्हणायची तरी ठेवायची. मग पावसाळा सरता सरता मला हिवतापाने धरलं. एक दिवसाआड हुडहुडी भरायची आणि दात वाजायचे. कोयनेलच्या, म्हणजे क्विनाईनच्या, पुड्या खाऊन कान नुसते गुणगुणत. ज्यांच्या घरी मी उतरलो होतो त्या डोंगरच्या माणसांची भाताची चार खाचरं आणि उतारावर थोडी नाचणी, पण घरातल्या मावशीने मला पेज पाजून जगवलं. पहिले पंधरा दिवस पगारी रजेत गेले, पुढची रजा बिनपगारी. शाळेवर परत गेलो ते अंगात त्राण नसतानाच, आणि पुन्हा पडलो. असे तीन महिने गेले. जुन्नरला पैसे पाठवणं दूरच राहिलं, माझंच खाणं दुसऱ्याच्या चुलीवर होतं.

मावशीने एकदा विचारलं, “मास्तर, घरी सांगावा धाडला का न्हाई?” मी म्हटलं, कशाला त्यांच्या जिवाला घोर, बरा झालो की जाईन. खरं कारण वेगळं होतं. भर अंगणात, चार लोकांत पोसतो म्हणालेला माणूस सात महिन्यांत आडवा झाला, हे कळवायला माझा हात धजत नव्हता. एक पत्र टाकलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

थोडी ताकद आल्यावर मी वाटेत दोन मुक्काम करत जुन्नरला आलो. घरी पोचलो तेव्हा भर दुपार होती. फुफी दाराशी उन्हात बसली होती. मी तिला पाहिलं आणि तिने मला पाहिलं, आणि दोघांनी एकाच वेळी विचारलं, किती वाळलास, किती वाळलीस. तिची मनगटं काडीसारखी झाली होती. ती रडली, मग हसली, मग मला आत ढकलून तिने चाचीला माझं ताट वाढायला सांगितलं.

मी म्हटलं, तूही बस. तर म्हणाली, माझा रोजा आहे. तो काही रमजानचा महिना नव्हता. चाची भाकरी वाढता वाढता कौतुकाने सांगू लागली, “आपाचं लई वाढलंय बघ. आदी सोमवार-गुरुवार धरायच्या, आता एक दिवसाआड धरतात. पहाटे नुसतं पाणी, आन सांजच्याला अर्धी भाकर. मोहल्ल्यात समदे नाव घेतात.” मी विचारलं, कधीपासून? चाची म्हणाली, झाले की तीन महिने.

तेवढ्यात गल्लीत काठी वाजली. गुरुवार होता. मी सवयीने फुफीकडे पाहिलं. ती उठली, पण दाराकडे गेली नाही. आतल्या खोलीत गेली आणि काठीचा आवाज लांब जाईपर्यंत तिथेच राहिली. फकिराला पीठ चाचीने घातलं.

मी ताट बाजूला सारलं. तीन महिने मनिऑर्डर नव्हती आणि तीन महिने हे रोजे चालले होते. चाचीच्या मनात वाईट काही नव्हतं. तिने कधी कुणाचं ताट मोजलं नाही, आणि म्हणूनच तिला ते दिसलं नाही. फुफीने मागितलं असतं तर दोन भाकरी जास्तच वाढल्या असत्या. पण फुफीला मागता येत नव्हतं. मागायची वेळ येऊ नये म्हणून तर ती इतकी वर्षं दोन्ही हातांनी घोटत आली होती. आणि ते काम मी तिच्या हातातून काढून घेतलं होतं, वर चार लोकांकडून शाबासकीही घेतली होती.

मी आत गेलो. फुफी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी सरळच विचारलं की हे रोजे अल्लासाठी आहेत की चाचीची भाकरी वाचवायला. तिने ओढणी डोक्यावर सारखी केली. मग म्हणाली, “रोजा म्हनलं की कुणी इचारीत न्हाई, बेटा.” मी तिच्या पायांशी बसून रडलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात सारखा हलत होता, एका लयीत मागेपुढे, ताव घोटत असल्यासारखा. तिला ते कळतही नव्हतं.

मी अंगणात गेलो. चाचा फळीवर होता. हौदावर आता शेजारचा एक गडी मजुरीने बसत होता. चाचाला पाय लांब पसरून बसता येत होतं, हौदापेक्षा तो खूप सुखी होता. पण त्याचे खांदे दुसऱ्या कामात घडलेले. दुपारपर्यंत दमायचा, आणि घोटलेल्या तावावर पट्टे उठायचे. दुकानदार कुरकुरत होता. गारगोटी परत दे असं त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? परत हौदावर पाठवायचं तर ते गुडघे महिनाभरही टिकले नसते. मी काहीच मागितलं नाही. जे झालं ते सांगितलं आणि चूक माझी आहे म्हणालो.

चाचाने हात थांबवला. बायकोला काही विचारलं नाही, मला बोल लावला नाही. बसल्या जागी दोन्ही हात टेकून तो फळीच्या एका टोकाला सरकला. म्हणाला, “आपाला म्हनावं फळी लांब हाय. दोघं बसतील.”

एका फळीवर दोघांनी बसायची आमच्याकडे रीत नव्हती. एकाच वाट्याचे दोन भाग होणार, म्हणजे दोघांनाही कमी. चाचाला ते माझ्याआधी कळलं होतं आणि तरी तो सरकला होता. त्याच्याबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं ते मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

अडचण राहिली ती गारगोटीची. नवा दगड नदीतून आणला तरी तो ताव फाडतो. महिनोन्महिने उगाळून त्याची धार मारावी लागते. मी तसं म्हणालो तर दारात उभ्या असलेल्या फुफीने ओढणीची गाठ सोडली. आत पैसा नव्हता, गारगोटी होती, गुळगुळीत. सकाळी कुकडीवर जायची तिथे एक दिवस उचलली होती. हात रिकामे बसत नव्हते म्हणून पायरीवर उगाळत राहिली, एवढंच तिने सांगितलं. भावाला उठवावं लागेल म्हणून तिने ती कुणाला दाखवली नव्हती.

मी आठ दिवस राहिलो. दोघं समोरासमोर बसायची. चाचा दमला की त्याचे ताव फुफी आपल्याकडे ओढायची आणि पट्टे घालवून द्यायची. निघायच्या आधल्या दिवशी दुकानदाराने पहिल्या वाट्याचे पैसे दिले. ते थोडेच होते. मी म्हणालो, माझी मनिऑर्डर सुरू होईल, तीही घेत जा. ती म्हणाली, घेईन की, भाच्याची आहे, का घेऊ नये. पुन्हा आजारी पडलास तर मात्र पत्र टाक.

त्या दुपारी तिचा रोजा नव्हता. तिने चाचीच्या हातावर पैसे ठेवले, स्वतः ताट वाढून घेतलं आणि अंगणात येऊन बसली. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा. मी पाहत राहिलो. ती सावकाश, एकेक घास चावून खात होती. माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा तिने भाकरीचा मोठा अर्धा तुकडा मोडला आणि माझ्यापुढे धरला.

“बघत काय बसलास,” ती म्हणाली. “खा. माझी हाय.”