बांधणीला गेलेली कादंबरी

औशाच्या वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. मी चौथी शिकलेली. तिथंच बसून वाचते, एका कादंबरीला महिना लागतो. दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून काका माझं अर्धवट पुस्तक टेबलाच्या खणात लपवून ठेवत.

यंदा सगळी पुस्तकं वेबसाइटवर चढवायचं काम त्यांच्यावर आलं. पान उलटावं तसं बोट जिभेला लावून ते माऊस धरत. भोळेपणानं त्यांनी खणातलं पुस्तकही चढवलं.

दुसऱ्याच दिवशी एक गुरुजी मोबाइल नाचवत आले. "काका, ही कादंबरी शिल्लक दिसायलीय. काढा बाहेर!"

कादंबरी माझ्या मांडीवर होती आणि तिच्यातल्या मुलीचं लग्न मोडायच्या बेतात आलं होतं. मी पुस्तकावर पदर ओढला.

काकांनी बोट ओलं केलं, माऊसवर दोनदा टकटक केली. "आता बघा बरं."

गुरुजींनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "बांधणीला गेली?"

"हाव. वेबसाइट खोटं बोलंल का?"

"मग येणार कधी?"

काका माझ्याकडे वळले. "ताई, बांधायला किती दिवस लागतील?"

परक्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही. त्या दिवशी निघाला.

"पुस्तक जाड हाय, गुरुजी. आठ दिवस तरी लागतील."