जुन्या निशाणीवर गेलेलं बोट

झाशीत निवडणुकीआधी मतदान यंत्रं तपासताना उमेदवारांची माणसं समोर बसत. त्यांत जवळच्या समथर गावचे एक म्हातारे होते. नाव मी कधी विचारलं नाही. बटण दाबण्याआधी ते बोट धोतराला नीट पुसून घेत. जन्मभर एका पक्षाचं काम करून नुकताच त्यांनी दुसरा पक्ष धरला होता, हे आमच्या निवडणूक कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, "दद्दा, चाचणी है, कोई भी बटन दबाइए."

त्यांनी दाबलं. काचेमागच्या चिठ्ठीवर जुन्याच पक्षाची निशाणी आली. एकच हशा पिकला. हसणाऱ्यांत मीही होतो.

त्यांच्या नव्या पक्षाचा पुढारी तरातरा पुढे आला. "दद्दा ने हमारा बटन दबाया था! मशीन खराब है, लिखो!"

म्हाताऱ्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली असती, तर यंत्र बाद झालं असतं आणि त्यांची अब्रू वाचली असती. त्यांचे कान लाल झाले होते. खाली बघतच ते म्हणाले, "मशीन ठीक है, साहब. पुरानी वाली हमई ने दबाई."

यंत्र बरोबर असल्याच्या कागदावर त्यांनी सही केली. मी पाण्याचा पेला पुढे केला, पण त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. आपल्याला हसायला किती थोडं पुरतं, याची लाज वाटत होती.

फाटकाबाहेर त्यांच्या नव्या पक्षाची जीप उभी होती. तिच्या बाजूने, मान खाली घालून, ते बसस्टँडकडे चालत गेले.