सगळ्यांनी मिळून ठरवलेली बोट

लोक क्रूझवरून फोटो आणतात, आम्ही किस्से आणले. म्हैसुरात कुणाच्या घरी बारसं असो की मुंज, चार मराठी माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "काकू, कॅरिबियनचं सांगा की." एक सांगून होईपर्यंत दुसरा आठवतो. मी हसत हसत सांगते. पण घरी आल्यावर वाटतं, यातला एकही मान वर करून सांगण्यासारखा नाही.

आमचा गट सात जणांचा. वसंतराव आणि इंदिरावहिनी, गणिताचे निवृत्त प्रभाकर सर आणि त्यांची लता, मी आणि आमचे श्यामराव, आणि एकट्या कुसुमअक्का. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. आमचा नियम एकच: करायचं ते सगळ्यांनी मिळून, नाही तर कुणीच नाही. या नियमाचा आम्हाला फार अभिमान होता.

* * *

पहिली मीटिंग हूटगळ्ळीला वसंतरावांच्या नव्या घरी झाली. जहाजाचं बुकिंग झालं होतं. आता जहाज ज्या बेटांवर थांबणार, तिथल्या सहली आधी बुक करायच्या की जहाजावर चढल्यावर, एवढाच प्रश्न होता.

कुसुमअक्का कधी काही मागत नाहीत. त्या दिवशी मागितलं. एका बेटावर काचेच्या तळाची बोट असते, तीत बसून खालचे मासे दिसतात, असं त्यांनी वाचलं होतं. त्या बन्नूरच्या, उसात वाढलेल्या. पोहता येत नाही. म्हणाल्या, "समुद्र वरनं सगळेच बघतात. मला एकदा आतनं बघायचाय. मी आत्ताच बुक करू का?"

वसंतरावांनी हात वर केला. "दसऱ्याच्या मिरवणुकीचा पास कधी आधी मिळतो काय? आदल्या दिवशी एक फोन करायचा, मिळतो. नोडोण, बघूया."

आमच्यात 'नोडोण' म्हटलं की विषय संपतो. अक्कांनी मान हलवली आणि सगळ्यांना कॉफी दिली. घर वसंतरावांचं, कॉफी मात्र अक्कांनी दिली, हेही आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

* * *

प्रभाकर सरांचा सिद्धान्त वेगळा होता. जागा उरल्या की शेवटी भाव पडतो, म्हणून थांबायचं. ते रोज सकाळी कम्प्युटरवर भाव बघत आणि आम्हाला कळवत. भाव चढत होता. "आता वळणार," सर म्हणायचे. आणखी चढला. "आता नक्की वळणार."

पुढं पुढं त्यांनी भाव कळवणंच बंद केलं. लताला विचारलं तर तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "ते हल्ली कम्प्युटर दार लावून बघतात." मला वाटलं, हरल्याची लाज वाटत असेल बिचाऱ्यांना.

* * *

निघण्याआधी गटानं फिरायचा सराव हवा म्हणून आम्ही बैलकुप्प्याला तिबेटी मठ बघायला गेलो. आधी नाश्ता की आधी मठ, हे रस्त्याकडेला गाडी उभी करून सगळ्यांनी मिळून ठरवलं. ठरेपर्यंत ड्रायव्हर एक झोप काढून उठला. पोचलो तर मठ जेवणासाठी बंद! बंद दारासमोर ग्रुप फोटो काढला.

अक्का म्हणाल्या, थोडं थांबूया, उघडेल. वसंतराव गाडीत बसत म्हणाले, "आतनं सगळे सारखेच असतात."

गाडी वळली तेव्हा दार उघडत होतं. ते मी आणि अक्कांनीच पाहिलं.

* * *

जहाजावर पहिल्याच दिवशी वसंतरावांनी फोन करण्यासारखा माणूस शोधून काढला. जेवणाच्या हॉलमध्ये वाढणारा शेट्टी मंगळूरचा निघाला. वसंतरावांनी त्याच्याशी कन्नडमधून घरच्यासारख्या गप्पा मारल्या, त्याच्या आईची चौकशी केली आणि शेवटी काचेच्या बोटीच्या सीटांचं काढलं. तो म्हणाला, सर, मी सांबार वाढतो, सहलींचं काउंटर वेगळं आहे. वसंतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ते माहीत आहे रे. पण तू सांगून बघ."

दुसऱ्या दिवसापासून शेट्टी आमच्या टेबलाकडं फिरकेना. अक्कांना मात्र लांबून नमस्कार करायचा. मला फार शरम वाटली. वसंतराव म्हणाले, "लाजतोय पोरगा." पोरगा पन्नाशीचा होता.

* * *

पहिल्या बेटावर बुकिंग नसल्यामुळं आम्ही असेच उतरलो. कुठं जायचं ते उतरल्यावर ठरवायला घेतलं. ऊन वाढलं, तसे एका दागिन्यांच्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसलो आणि डबे उघडले. पुळिओगरेचा, म्हणजे आमच्या चिंचेच्या भाताचा, वास दुकानात शिरला असावा. आतून मालकीणबाई आल्या. मला वाटलं, उठवणार. त्यांनी खुर्च्या मागवल्या.

त्या खुर्च्यांवर बसून आम्ही जहाजाची वेळ होईपर्यंत चर्चा केली. बेट बघायचं राहिलं.

* * *

मग ते काचेच्या बोटीचं बेट आलं. आदल्या संध्याकाळी अक्का स्वतः काउंटरवर जाऊन आल्या. बोट भरली होती. आम्ही सगळे हळहळलो. प्रभाकर सर म्हणाले, "जाऊ दे. सगळे नाही तर कुणीच नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. अक्काही हसल्या.

सकाळी श्यामराव म्हणाले, चल, जरा किनाऱ्यावर पाय मोकळे करू. धक्क्यावर पोचल्यावर खिशातून दोन तिकिटं काढली. घरूनच बुक केली होती, मला सरप्राइज म्हणून! मी विचारलं, "आणि अक्का?" तर म्हणाले, त्यांना फोन करून सांगितलंय की तुझं पोट बिघडलंय. पोट माझं, आणि मलाच पत्ता नाही. वर म्हणाले, बाकीचे आहेतच की त्यांच्या सोबतीला.

बोटीच्या रांगेत आमच्यापुढं एक ओळखीची टोपी दिसली. प्रभाकर सर. शेजारी लता. तिनं मला बघून पदर सारखा केला. तेवढ्यात मागून इंदिरावहिनींचा आवाज आला, "अहो, हळू चाला," आणि वसंतराव समोर येऊन उभे राहिले.

आम्ही सहाही जण रांगेत पुढं सरकलो. नंतर कळलं, तिन्ही जोडप्यांच्या खोल्यांतून अक्कांना फोन गेला होता आणि तिघांनीही पोटाचंच सांगितलं होतं. भरलेल्या बोटीतल्या सहा जागा आमच्याच होत्या.

मागं फिरावं असं मनात आलं. पण फिरले नाही, हे खरं. काचेखाली निळे-पिवळे मासे होते म्हणे. मी माझ्या चपलांकडं बघत होते.

परतलो तर अक्का वरच्या डेकवर बसलेल्या. तिथून धक्का स्वच्छ दिसतो. समोरच्या टेबलावर बशा झाकून ठेवलेले सहा कप होते. शेट्टीकडून त्यांनी पोटासाठी आलं-मिऱ्याचा कषाय, म्हणजे काढा, करवून घेतला होता आणि सकाळपासून आमच्या दारांवर टकटक करून आल्या होत्या.

त्यांनी एकेक बशी काढली आणि कप आमच्याकडं सरकवले.

"गार झालाय," अक्का म्हणाल्या. "तसाच प्या. बोटीत बसलं की पोट आणखी ढवळतं म्हणतात."