भिंतीपलीकडची आई

बायकोची सैन्यात डॉक्टर म्हणून निवड झाल्याचं कळलं तेव्हा आम्ही जेवत होतो. लेक ताटातले वाटाणे एकेक करून कडेला काढत होती. बायकोनं मोबाईल पाहिला, परत पाहिला आणि उष्ट्या हातानंच तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, माहेरी काहीतरी वाईट झालं. तिचं माहेर लातूरकडचं, वडील आजारी असायचे.

"झालं माझं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"सिलेक्शन."

ती पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात कंत्राटी डॉक्टर होती. शाळेत असताना एनसीसीत होती आणि तेव्हापासून वर्दीचं वेड डोक्यात. वडील म्हणाले, आधी डॉक्टर हो. ती झाली. मग लग्न झालं, मग लेक झाली. वय निघून जायच्या आत एकदा अर्ज करून बघते, एवढंच ती मला म्हणाली होती. मी हो म्हणालो होतो, आणि खरं सांगायचं तर अर्ज इतका पुढे जाईल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं. आता लखनौला ट्रेनिंग. कवायत, धावणं, नेमबाजी, सगळं. त्यानंतर देशात कुठेही नेमणूक. आणि लेक नुकती मोठ्या शिशुगटात गेलेली.

आम्ही दिघीला राहतो. मी चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर, शिफ्टची नोकरी. पहिली शिफ्ट असली की कंपनीची बस उजाडायच्या आत चौकात येते. लेकीला बघायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून मी गावाहून आईला आणलं. आमचं गाव चाकणच्या पुढं. वडील गेल्यापासून आई थोरल्या भावाकडं असते.

आई आली ती तोंड फुगवूनच.

"लेकराला टाकून जायाचं? आन् ते बी बंदूक शिकायला?"

"बंदूक थोडीच, आई. दवाखान्याचंच काम आहे," बायको म्हणाली.

"मंग हितं दवाखाना न्हाई व्हय?"

"आई, ती कॅप्टन होणार आहे," मी मध्ये पडलो.

"कॅप्टन तर क्रिकेटचा आसतो," आई म्हणाली आणि लसूण सोलायला बसली.

आईसमोर ती मला अहो म्हणते, आम्ही दोघंच असलो की अरे. निघायच्या आदल्या दिवशी लेकीचे गणवेश इस्त्री करता करता ती आईच्या देखत म्हणाली, "तू नाही म्हणालास तर मी अजूनही जाणार नाही." अरे-तुरे तोंडून निघाल्याचं तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. आईनं ते ऐकलं आणि इस्त्री झालेला गणवेश उचलून कपाटात ठेवला.

मी नाही म्हणालो नाही.

लेकीला आम्ही सांगितलं होतं की आई शिकायला चालली आहे. तिनं विचारलं, "तुला बाई मारतील का?" बायको हसली, नाही म्हणाली. स्टेशनवर लेकीला न्यायचं नाही असं ठरवलं होतं. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत ती आजीच्या कडेवरून हात हलवत होती आणि वळल्यावर तिनं जी किंकाळी फोडली, ती आम्हाला रिक्षात ऐकू आली. रिक्षावाल्यानं वेग कमी केला आणि आरशातून माझ्याकडं पाहिलं. बायको म्हणाली, "चला भाऊ, थांबू नका."

पुढचे दिवस कसे काढले ते आईला माहीत. पहिली शिफ्ट असली की सकाळी मी नसायचो, दुसरी असली की संध्याकाळी. वेणी, डबा, शाळेची व्हॅन, सगळं तिच्यावर. तिचे गुडघे दुखायचे, चौथ्या मजल्यावरून उतरायचं-चढायचं, त्यात आमची लिफ्ट लहरी. कंपनीत मित्र चेष्टा करायचे. "भावा, बायको बॉर्डरवर आन् तू भाकरीवर!" मी हसण्यावारी न्यायचो. पण घरी येऊन खरंच भाकरी थापायला लागलो होतो, कारण आईला फार वेळ उभं राहवत नव्हतं. माझ्या भाकरीला कडा फाटायच्या. लेक त्या फाटलेल्या कडाच आधी खायची.

संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. फोन चालू असेपर्यंत लेक ठीक असायची. बंद झाला की दारापाशी जाऊन बसायची आणि रडायची. हट्ट नाही, आदळआपट नाही, नुसती मुळुमुळु रडायची. चपला घालून बसायची, म्हणजे आई आली की लगेच खाली जाता येईल.

आणि मग एके दिवशी ते थांबलं. माझी दुसरी शिफ्ट संपून पहिली लागली, मी दुपारी घरी यायला लागलो, तर लेक शाळेतून येऊन खाऊन आजीबरोबर बाहेर फिरायला निघालेली. परत आली की खुशीत असायची. फोन झाल्यावर रडायची नाही. मी मोठ्या उत्साहानं बायकोला सांगितलं, "रुळली बरं का ती. आता रडत नाही अजिबात."

तिनं मला तेच परत सांगायला लावलं. मला वाटलं रेंज कमी आहे.

"बरं झालं," ती मग म्हणाली. आवाजावरून कळलं की हे ऐकून तिला बरं वाटलेलं नाही.

एकदा व्हिडिओ कॉलवर लेकीनं विचारलं, "आई, मी आज हात केला, तू बघितलास?"

बायको दमलेली होती, चेहरा उन्हानं रापलेला. ती म्हणाली, "हो, बघितला ना."

"मग तू का नाही केलास?"

"मी पण केला. तुला दिसला नसेल."

लेक एकदम खूश. आम्ही दोघांनीही तो खेळ समजला.

आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारची. त्या गुरुवारी आईचे गुडघे फारच दुखत होते म्हणून लेकीला घेऊन मी फिरायला निघालो. कुठं जायचं ते तिनंच ठरवलं. माझं बोट धरून ती मला सोसायटीच्या मागच्या रस्त्यानं घेऊन गेली, लष्कराच्या हद्दीच्या भिंतीपर्यंत. दिघीत राहणाऱ्या माणसाला त्या भिंतीचं काही विशेष वाटत नाही. वर काटेरी तार, जागोजागी सूचनेच्या पाट्या, आत झाडं आणि लांबवर पाण्याची एक टाकी. लेक तिथल्या एका दगडावर चढली, टाचा उंचावल्या आणि टाकीकडं बघून दोन्ही हात हलवायला लागली.

"कुणाला हात करतेस?"

"आईला. ती टाकीच्या मागं राहते. आजी म्हणाली." मग भिंतीकडं तोंड करून तिनं हाक मारली, "आईऽऽ! आज बाबापण आलाय!"

मी तिला दगडावरून उतरवायला पुढं झालो. तेवढ्यात तिनं फ्रॉकच्या खिशातून चॉकलेट काढलं. वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचं होतं, तिनं ते न खाता जपून ठेवलं होतं.

"हे आईला द्यायचंय. आजी म्हणते, आत जाऊ देत नाहीत. पण तू विचार ना."

मी नको म्हणेपर्यंत ती पळत सुटली. फाटक पुढं होतं. पहाऱ्यावरच्या जवानानं तिला येताना पाहिलं आणि हात आडवा केला. ती थांबली, चॉकलेट पुढं केलं आणि मराठीत म्हणाली, "माझ्या आईला द्या. ती डॉक्टर आहे."

जवान गोंधळला. माझ्याकडं बघून म्हणाला, "क्या बोल रही है बिटिया?"

मी धापा टाकत पोचलो होतो. लेकीला कळू नये म्हणून मी माझ्या मोडक्या हिंदीत घाईघाईनं सांगितलं, "इसकी मम्मी आर्मी में डॉक्टर है. लखनौ में ट्रेनिंग चल रहा है. इसको लगता है मम्मी अंदर है."

जवानाचा चेहरा उतरला. "ओहो," एवढंच तो म्हणाला.

माझ्या हे लक्षात आलं नव्हतं की लेक रोज हिंदीतली कार्टून बघते. तिला सगळं समजलं होतं. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग जवानाकडं, आणि चॉकलेट परत खिशात घातलं. रडली नाही. घराच्या दिशेनं चालायला लागली, माझं बोट न धरता.

अर्ध्या रस्त्यात तिनं विचारलं, "लखनौ कुठे आहे?"

"लांब आहे. रेल्वेनं जावं लागतं."

"आजीला माहीत नाही?"

मी म्हणालो, "आजीला विचारू."

घरी आई पाय शेकत बसली होती. लेक तिच्यासमोर उभी राहिली. "आजी, आई तिथं नाहीये." आणि आतल्या खोलीत जाऊन पालथी पडली.

मी आईवर चिडलो. "कशाला खोटं सांगायचं? लहान आहे म्हणून काहीही सांगायचं का?"

आईनं शेकायची पिशवी बाजूला ठेवली. "मंग काय सांगायचं व्हतं? रोज दारात चपला घालून बसायची पोर. तू हायेस का हितं बघाया? माजं काळीज तुटायचं. येक दिस त्या भितीपाशी मिलिटरीची गाडी आत गेली, तवा पोरगी म्हनली, आई ह्यातच गेली का? मी म्हनलं, व्हय. त्या दिशी जेवली पोटभर."

"पण आई, कधीतरी कळणारच होतं ना."

"कळंल तवा कळंल, आसं वाटलं." मग खाली बघत ती म्हणाली, "आन् मला तरी कुठं ठाव हाय लखनौ? कसलं गाव, काय खातात, कुनाला इचारायचं? पोरीसंगं मी बी हात करायची. मला बी वाटायचं, हितंच हाय सूनबाई, भितीपल्याड. बरं वाटायचं जिवाला."

माझा राग कुठल्या कुठं गेला. येताना तोंड फुगवून आलेली माझी आई रोज संध्याकाळी ठणकणारे गुडघे घेऊन चार मजले उतरत होती आणि त्या टाकीकडं बघून सुनेला हात करत होती.

त्या संध्याकाळी लेक फोनवर आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी बायकोला सगळं सांगितलं. ती रडायला लागली. "हात बघितला म्हणून मी सांगितलं रे तिला. आता ती माझ्यावर विश्वास कसा ठेवेल?" आणि थोड्या वेळानं, "सोडून येऊ का मी? सांग. येते मी."

व्हिडिओ कॉल होता, आईला सगळं ऐकू येत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"सूनबाई, सोडून बिडून यायचं न्हाई. आईक. पोरगी माज्यापाशी हाय. खातीया, पितीया. तुज्यावर न्हाई, माज्यावर रुसली हाय ती. तू तुजं शिकून घे. फकस्त तिला खरं सांग समदं, तिकडं काय काय करतीस ते. आन् मला बी सांग."

बायकोनं डोळे पुसले. म्हणाली, "आई, तिला नुसतं ऐकायला बसवा. बोलली नाही तरी चालेल."

लेक दाराआड उभी राहिली. बायको सांगू लागली, तिला नाही, जणू माझ्या आईलाच सांगतेय असं. पहाटे उठून पळावं लागतं. काल ती पडली, कोपर खरचटलं, आणि स्वतःच डॉक्टर असून मलम दुसऱ्याकडून मागून घ्यावं लागलं. जेवणात रोज बटाटा. कवायतीचे उस्ताद फार ओरडतात, कारण 'दाहिने मुड' म्हटलं की ती घाईत डावीकडं वळते आणि मग सगळ्यांच्या तोंडासमोर एकटीच उलटी उभी राहते.

दाराआडून आवाज आला, "तुला उजवा हात कुठला ते येत नाही?"

"घाईत चुकतं गं."

"ज्या हातानं जेवतो तो उजवा." लेक बाहेर आली. "हात वर कर बघू. हा नाही! दुसरा!"

बायको मुद्दाम चुकली की खरंच, ते मला आजही माहीत नाही. पण आई तोंडाला पदर लावून हसत होती आणि लेक मोबाईलसमोर उभी राहून तिच्या आईला डावं-उजवं शिकवत होती.

त्यानंतर हे रोजचंच झालं. आज किती पळालीस, पडलीस का, उस्ताद ओरडले का, बटाटाच होता का. मी भिंतीवर भारताचा नकाशा लावला. आईनं त्यावर पुणं आणि लखनौ यांच्यामध्ये वीत ठेवून पाहिली आणि म्हणाली, "एवढंच तर हाय की." स्वयंपाकघरात लेक 'आजी, दाहिने मुड' असं ओरडायची आणि आई हातात लाटणं घेऊन, गुडघे सांभाळत, वळायची. लेक कधी कधी अजूनही रडायची. विशेषतः शाळेत इतरांच्या आया न्यायला यायच्या तेव्हा. पण आता ती कारण सांगून रडायची.

ट्रेनिंग संपल्यावर बायको थोड्या दिवसांच्या रजेवर आली. स्टेशनवर आम्ही तिघंही गेलो. बायको बारीक झाली होती, केस कापलेले, चाल बदललेली. लेक तिच्याकडं धावत जाईल असं मला वाटलं होतं, पण ती आजीच्या साडीमागं दडली. बायको घाई न करता प्लॅटफॉर्मवरच, बॅग बाजूला ठेवून, खाली बसली आणि थांबून राहिली. माणसं वळसा घालून जात होती. बऱ्याच वेळानं लेक पुढं गेली आणि तिनं आईच्या कोपरावरचा वण बोट लावून पाहिला. "दुखतं का?" असं विचारलं. मग तिला जी चिकटली, ती रिक्षात, जिन्यात आणि जेवतानाही सुटली नाही.

नेमणूक उत्तरेत, डोंगराजवळच्या एका लष्करी दवाखान्यात झाली. बायको पुन्हा गेली तेव्हा लेक स्टेशनवर आली होती. रडली, पण किंचाळली नाही. शाळेचं वर्ष संपलं, तिकडं राहायला क्वार्टर मिळालं, आणि लेक आईकडं गेली. सोबत माझी आई गेली. मी म्हटलं होतं, थोडे दिवस राहून ये, थंडी सोसणार नाही तुला. ती काही परत यायचं नाव काढत नाही. शेजारच्या बायका तिला माताजी म्हणतात आणि ती त्यांना शेंगदाण्याची चटणी करून देते. हिंदी येत नाही, तरी सगळ्यांच्या घरची खडान्‌खडा माहिती तिला असते.

इथं दिघीत आता मी एकटा. शिफ्टवरून येतो, दोन भाकरी थापतो. बदलीचं कंपनीशी बोलणं चालू आहे, बघू. संध्याकाळी फोन येतो. बायको ड्युटीवर असली तर लेक बोलते, आणि तिला खेळायचं असलं तर आई.

परवा आईनं विचारलं, "जेवलास का रं?"

"जेवलो."

"खोटं बोलू नगंस. ताट दाव."

मी मोबाईल ताटाकडं वळवला. भाकरीच्या फाटक्या कडा तेवढ्या उरल्या होत्या.