स्टारला न दिसलेल्या एकतीस फाइली

"मॅडम, गाडीना टाईम व्हयी ऱ्हायना," भिकनभाऊ तिसऱ्यांदा म्हणाले.

त्यांची हार्ड डिस्क माझ्या मशीनला जोडलेली होती. ती पूर्ण कोरी करायची कमांड स्क्रीनवर टाइप करून तयार होती. फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं. जळगावहून दोंडाईच्याची दुपारची गाडी गाठायची तर त्यांना अर्ध्या तासात निघणं भाग होतं. परवा रविवारी त्यांच्या घरी कानबाई, आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, बसणार होती आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू अजून गिरणीतच होते.

मी जळगावच्या एका कॉलेजात सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर आहे. म्हणजे सर्व्हर सांभाळायचा आणि तो बंद पडला की सगळ्यांचं बोलणं ऐकायचं. बावीस वर्षं हेच करतेय, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

त्या डिस्कवर कानबाईची गाणी होती. दोंडाईच्याचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. चोपड्यापासून धुळ्यापर्यंत गावोगाव फिरून त्यांनी बायांकडून ही गाणी रेकॉर्ड करून घेतली. एवढ्याशा रेकॉर्डरवर, पदरमोड करून. घरचा कॉम्प्युटर कुरकुर करायला लागला तेव्हा त्यांनी शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्याकडून, म्हणजे भिकनभाऊंकडून, ही डिस्क उसनी घेतली आणि सगळं त्यात टाकलं. पुढच्याच आठवड्यात वीज पडून कॉम्प्युटर जळाला. जगात आता या गाण्यांची एकच प्रत उरली होती, आणि ती माझ्या टेबलावर होती.

आमच्या प्रिन्सिपल सरांनी गाणी कॉलेजच्या सर्व्हरवर कायमची ठेवायचं कबूल केलं. सोमवारी तसं जाहीर करायचं होतं. डिस्क मात्र भिकनभाऊंना पुढच्या आठवड्याच्या ऑर्डरसाठी हवी होती आणि नानांचा निरोप होता, भाऊची वस्तू भाऊला साफ करून द्या.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. आमचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. तिथं माउसपेक्षा टाइप केलेल्या कमांडवर जास्त काम होतं. शेकडो फाइलींची नावं कोण टाइप करत बसणार? म्हणून वाइल्डकार्ड वापरतात. पत्त्यांतल्या जोकरसारखं, कशाच्याही जागी चालणारं चिन्ह. `*` हे चिन्ह म्हणजे स्टार. `*.wav` लिहिलं की नाव काहीही असो, शेवटी `.wav` असलेल्या, म्हणजे आवाजाच्या, फाइली पकडल्या जातात. `?` लिहिलं की त्या जागी कुठलंही एकच अक्षर. मी `*.wav` लिहून सगळी गाणी सर्व्हरवर कॉपी केली. एकही एरर आली नाही.

मग मी तपासणी केली. मी तशी शिस्तीची बाई आहे. डिस्कवर स्टार लावून मोजलं: एकशे एक्क्याऐंशी. सर्व्हरवर स्टार लावून मोजलं: एकशे एक्क्याऐंशी. प्रत्येक फाइलचा आकारही जुळला. सर दारातून डोकावले तेव्हा मी ऐटीत सांगितलं की झालं काम.

आणि तेवढ्यात भिकनभाऊ जरा संकोचून म्हणाले, "पुसाना पहिले एक डाव मन्ही मायनं गानं लावा ना. रेकॉर्डवर मी कधी आयकंच नही."

त्यांची आई, भागाबाई, चार वर्षांपूर्वी गेली. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे, लावू या. नाना फाइलला गावाचं नाव, बाईचं नाव आणि आकडा द्यायचे, सगळं इंग्रजी अक्षरांत. मी दुसरी विंडो उघडली, भागाबाईंच्या नावाच्या दोन्ही बाजूंना स्टार लावला आणि एंटर दाबलं.

अशी फाइल नाही, असं उत्तर आलं.

मी हसले. लिनक्सला मोठं अक्षर आणि छोटं अक्षर वेगळं वाटतं, तिथंच गडबड असेल. कंसात दोन्ही अक्षरं लिहिली की दोन्हीपैकी कुठलंही चालतं, म्हणून तसं करून पाहिलं. नाही. नानांनी नाव जरा वेगळं लिहिलं असेल म्हणून मधल्या अक्षरांच्या जागी `?` टाकले. नाही. नुसतं दोंडाईचा आणि पुढे स्टार असं केलं. आठ फाइली आल्या. त्यांत भागाबाई नव्हत्या.

"अशी कशी नही?" भिकनभाऊ खुर्चीतून उठलेच. "आमना आंगनमा, कानबाईपुढे बसाडीसन नानानी रेकॉर्ड करं. मी सोता चहा दिन्हा त्यास्ले."

सर आत आले. एखादी फाइल राहिली असेल, यादी नंतर बघू, यांची गाडी चुकेल, असं त्यांचं म्हणणं. सर वाईट नाहीत, फक्त त्यांना सोमवार दिसत होता.

"सर, एंटर दाबल्यावर नंतर काही उरत नाही," मी म्हणाले, आणि ती कमांड आधी स्क्रीनवरून खोडली.

नानांची हाताने लिहिलेली वही माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. आठ दिवस होती. मी ती उघडून पाहिली नव्हती, कारण स्टारचा आकडा स्टारशी जुळत होता. आता मोजली. दोनशे बारा नोंदी. म्हणजे एकतीस गाणी कमी. चूक माझीच होती.

पण खोटं कशाला बोलू, त्याच वेळी अंगात एक तरतरीही आली. या कामातली खरी मजा इथंच असते. फाइली डिस्कवर आल्याच नाहीत, की आल्यात पण मला दिसत नाहीत? मी डिस्कची भरलेली जागा पाहिली. मग एकशे एक्क्याऐंशी गाण्यांच्या आकारांची बेरीज केली. डिस्क त्यापेक्षा कितीतरी जास्त भरलेली होती, आणि नानांच्या गाण्यांशिवाय तिच्यात दुसरं काही नव्हतं.

"आहेत," मी म्हणाले. "इथंच आहेत. आपल्याला दिसत नाहीत."

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. यादीची कमांड मी पुन्हा दिली, या वेळी लपलेलं सगळं दाखव असं सांगून. स्क्रीनवर एकामागून एक नावं धावली. एकतीस. प्रत्येकाच्या सुरुवातीला एक टिंब. सातवं नाव भागाबाईंचं. मी टेबलावर इतक्या जोरात हात मारला की सरांचा चहा सांडला.

नियम साधा आहे. लिनक्समध्ये टिंबापासून सुरू होणारी फाइल लपलेली मानतात. मशीनच्या सेटिंगच्या फाइली तशा ठेवलेल्या असतात, उगाच कुणाचा हात लागू नये म्हणून. स्टारसुद्धा त्यांना शिवत नाही. `*` म्हणजे सगळं, पण टिंबवाले सोडून. नानांच्या घरच्या विंडोजला त्या टिंबाचं काही वाटत नव्हतं, तिथं फाइली उघड दिसायच्या. हा नियम मी दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवते, हे इथं सांगायला मला लाज वाटते.

पण टिंब आलं कुठून? मी नानांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. एकतीस फाइलींच्या आधी टिंब आहे, चुकून पडलं का, असं विचारलं.

"चुकून नाही बेटा, मीच दिलं शे," नाना म्हणाले. "शाळेत हजेरी घेताना पोरगं आलं नाही तर मी त्याच्या नावाच्या आधी टिंब द्यायचो. ती सवय. यातली बाई गेल्याचं कळलं, की तिच्या नावाआधी टिंब देतो. नाव खोडवत नाही ना."

मला तेव्हा कळलं की मी काय करायला निघाले होते. सर्व्हरवर गाणी आलेल्या बाया हयात होत्या, त्यांच्याकडे नाना पुन्हा जाऊ शकले असते, पुन्हा गाऊन घेऊ शकले असते. माझ्या कमांडने पुसली गेली असती ती नेमकी गेलेल्या बायांची एकतीस गाणी.

मग पुढचं काम मात्र मी झोकात केलं. नवा पॅटर्न लिहिला: `.*.wav`, म्हणजे आधी टिंब, मग काहीही, शेवटी `.wav`. लगेच कॉपी केलं नाही. आधी नुसती नावं छापून पाहिली, पॅटर्न काय पकडतोय आणि काय सोडतोय ते. बरोबर एकतीस ओळी. मग कॉपी. मग मी सर्व्हरवरचं एकेक नाव वाचत गेले आणि वहीत पेन्सिलने खूण करत बसले स्वतः प्रिन्सिपल सर. दोनशे बारावी खूण झाली तेव्हा सर म्हणाले, "भिकनभाऊ, गाडी गेली हो तुमची." भिकनभाऊंनी नुसता हात हलवला.

मी भागाबाईंची फाइल लावली. आधी भांड्यांचा आवाज. मग एक खोकला. मग एका तरण्या माणसाचा आवाज, "नाना, चहा ली ल्या." भिकनभाऊंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. तो त्यांचाच आवाज होता. आणि त्यावर त्यांच्या आईने गाणं सुरू केलं, थोडं चढ्या सुरात, एकदा श्वास अडकला तरी न थांबता. ते उभ्यानेच ऐकत राहिले. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि मलाही रडू आवरलं नाही.

डिस्क मी नंतर कोरी केली. पण आपल्याकडे उसना डबा रिकामा परत देत नाहीत, म्हणून त्यांच्या आईचं गाणं त्यात परत टाकलं. संध्याकाळच्या गाडीसाठी निघताना भिकनभाऊ दारात थांबले.

"मॅडम, कालेजमा नानानं टिंब ऱ्हाऊ द्या. पन मन्हा डिस्कवर मायले हजर करी द्या."

मी टिंब काढून दिलं.

या प्रकारातून मी एकच गोष्ट शिकले. स्टारचं काम तपासायला स्टारलाच बसवू नये. आता कुठलीही डिस्क पुसण्याआधी मी मालकाची वही मागते, आणि ती ड्रॉवरमध्ये ठेवत नाही.