उभ्या खाचांचा वायरमन

शाळेच्या वायरमनला सगळे पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणत. भिंत सरळ चढतेय की नाही हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याची नजर चांगली होती. हा माणूस चालायचा सरळ, भांग पाडायचा सरळ आणि दुपारी एक ते तीन झोपायचा तोसुद्धा असा सरळ, की बघणाऱ्याच्या काळजात धस्स व्हावं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याच्या बायकोनं त्याच्या नाकाशी बोट धरून पाहिलं होतं.

त्या बायकोला शाळेत सगळे वहिनी म्हणत. प्रयोगशाळेच्या मागे दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. मागच्या दाराशी नळ, नळाशी कपडे धुण्याचा दगड आणि दगडाशेजारी वहिनींनी रोप लावून वाढवलेलं पेरूचं झाड. खोल्या शाळेच्या होत्या. ओळंब्याची नोकरी असेतो राहायचं, असा बोलीचा व्यवहार. सव्वीस वर्षांत वहिनींनी त्या खोल्यांना इतक्या वेळा पुसलं होतं, की फरशीलाही त्या मालकीण वाटत असाव्यात.

वायरीला वायर जोडायची तर बाकीचे वायरमन दोन्ही टोकं एकमेकांत पिळून वर काळी टेप गुंडाळतात. ओळंब्याला त्याची शिसारी होती. त्याचा सगळा जीव कनेक्टरवर. चिनीमातीचा पांढरा तुकडा, त्याच्या पोटात पितळेची नळी, नळीवर दोन स्क्रू. एका बाजूनं एक वायर आत सारायची, दुसऱ्या बाजूनं दुसरी, आणि स्क्रू पिळून दोघींना जागच्या जागी दाबून टाकायचं.

“मधला भक्कम असला की जोड टिकतो,” तो समजावून सांगे.

वहिनींचं लग्न त्यांच्या मामांनी मधे पडून जमवलं होतं. त्या मामांबद्दल वहिनी फारसं बोलत नसत.

घरातही कनेक्टरांचा सुळसुळाट होता. चिनीमाती फोडून आतली पितळेची नळी काढली, की ती कशालाही चाले. छत्रीची मोडकी काडी, किटलीच्या कडीचं तुटलेलं टोक, कपडे वाळत घालायची तार, सगळं त्यानं नळीत घालून स्क्रूनं आवळलेलं. वहिनींच्या चष्म्याची काडी मोडली तेव्हा तिथंही एक पितळेची नळी आली. त्या चष्म्यानं वहिनींचं नाक एका बाजूला ओढलं जाई, पण ओळंब्याला तो चष्मा फार आवडे, कारण त्यावरच्या दोन्ही स्क्रूंच्या खाचा अगदी उभ्या होत्या.

उभ्या खाचा हे त्याचं खरं वेड. स्क्रूच्या डोक्यावर जी चीर असते ती उभीच राहिली पाहिजे, ओळीतल्या बारा स्क्रूंच्या बारा चिरा एका रेषेत आल्या पाहिजेत. शाळेतला कुठलाही जोडणीचा डबा उघडावा आणि आत पाहावं. कवायतीला उभ्या केलेल्या मुली इतक्या सरळ उभ्या राहत नाहीत. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, नव्या शिक्षिकांना मुद्दाम डबा उघडून दाखवीत. “शिस्त याला म्हणतात,” असं म्हणून झाकण लावीत.

स्टूल धरायला आणि टॉर्च दाखवायला वहिनी नेहमी खाली उभ्या असत. त्यांना एक गोष्ट दिसे, जी मोठ्या बाईंना दिसत नसे. स्क्रू पुरता आवळला की त्याची खाच जिथं थांबायची तिथं थांबते, माणसाच्या हौशीला विचारत नाही. कधी तिरपी, कधी आडवी. मग ओळंबा मान कलती करून पाही, च् च् करी आणि खाच उभी येईपर्यंत स्क्रू उलटा फिरवी. कधी पाव फेरा, कधी त्याहून कमी.

“अहो, सैल केलात की,” वहिनी पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या.

“सैल नाही, सरळ केला,” तो म्हणाला. “तू टॉर्च धर.”

कपड्यांची तार महिन्यातून दोनदा सुटे आणि ओल्या चादरी मातीत पडत. वहिनी मोडक्या टोकाच्या सुरीनं तो स्क्रू कचकचून आवळत. खाच तिरपी होई. संध्याकाळी ओळंबा येऊन ती उभी करी. चष्म्याचंही तेच. भाजी निवडता निवडता चष्म्याची काडी ताटात पडे आणि वहिनी सुरीचं टोक शोधत. सव्वीस वर्षं हे युद्ध चाललं होतं आणि दोन्ही बाजूंनी कुणी तहाची भाषा काढली नव्हती.

मग सभागृहातले दिवे लुकलुकायला लागले. मोठ्या बाई सकाळी शिस्तीवर बोलायला उभ्या राहिल्या, की डोक्यावरचे दिवे डोळे मिचकावत. मुली म्हणायच्या, बाईंचं भाषण ऐकून दिव्यांनाही डुलक्या येतात. ओळंब्यानं आधी उंदरांना दोष दिला, नंतर व्होल्टेजला आणि शेवटी भूगोलाच्या बाईंना, कारण त्या बटण फार जोरात दाबतात. मग एक दिवस व्हरांड्यातल्या डब्यातून जळका वास आला.

संस्थेच्या सचिवांना आयतंच निमित्त मिळालं. त्या दोन खोल्या त्यांना स्वतःच्या ड्रायव्हरसाठी कधीच्या हव्या होत्या. त्यांनी पत्र धाडलं: सोमवारी वीजतपासनीस येऊन सगळे डबे तपासतील. काम ढिलं आढळलं तर ते बाहेरच्या ठेकेदाराला दिलं जाईल आणि महिनाअखेर खोल्या रिकाम्या कराव्या लागतील.

वहिनींनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा हातानं धरावा लागला.

“अहो, एकदा सगळे स्क्रू आवळून घ्या.”

“सगळे सरळ आहेत.”

“सरळ आहेत हो. घट्ट आहेत का?”

“तपासनीस काय येतो म्हणतेस? डबा उघडल्या उघडल्या त्याचे डोळे निवतील. असं काम त्यानं जन्मात पाहिलं नसेल.”

“तेच म्हणतेय मी.”

“काय म्हणतेस?”

“काही नाही. वाढू का?”

रविवारी एक वाजता ओळंबा पट्टीसारखा आडवा झाला. शाळा रिकामी होती. वहिनींनी खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा घेतला, मोडक्या टोकाची सुरी घेतली, स्टूल उचललं. आधी मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून पाहिला, इतकं सव्वीस वर्षांच्या टॉर्चनं त्यांना शिकवलं होतं. मग व्हरांड्यातला पहिला डबा उघडला.

बारा स्क्रू, बारा उभ्या खाचा. वहिनींनी पहिल्या खाचेत सुरी घातली आणि पिळलं. स्क्रू पाव फेरा मुकाट्यानं आत गेला. दुसराही. तिसरा तर जवळजवळ अर्धा. एक वायर नुसत्या बोटानं ओढली तर बाहेरच आली. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या, मग तिला जागेवर बसवून त्यांनी स्क्रू असा आवळला, की सव्वीस वर्षांच्या चादरी एकदम पिळल्यासारखं वाटलं. पुढच्या डब्यात एक कनेक्टर काळा पडला होता. त्यांनी तो काढला, वायरीची जळकी टोकं कापली, नवा बसवला. स्टूल धरायला कुणी नव्हतं. धरणारी वर चढली होती. तीनला दहा मिनिटं असताना चौदावा डबा बंद झाला आणि मेन चालू झाला. ओळंबा उठला तेव्हा चहा गाळलेला होता.

सोमवारी दहाला तपासनीस आला. ठेंगणा, कपाळावर आठी, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात. ओळंब्यानं ते बटण आधी पाहिलं आणि माणसाला मनातून नापास केलं. मोठ्या बाई होत्या, सचिव होते. वहिनी सवयीनं स्टूल धरून होत्या.

“मेन बंद करा आणि उघडा,” तपासनीस म्हणाला.

ओळंब्यानं स्टुलावर चढून झाकण काढलं आणि तसाच थिजला. आत बारा खाचा बारा दिशांना तोंडं करून बसल्या होत्या. भर बाजारात कुणी धोतर फेडावं तसा त्याचा चेहरा झाला.

तपासनीसानं शेजारच्या बाकावर चढून एकेक वायर धरून ओढली. एकही हलली नाही. त्यानं दुसरा डबा उघडायला लावला, मग पाचवा, मग सभागृहातला. सगळीकडे ओढून पाहिलं.

“कुणी केलं हे काम?”

ओळंब्यानं स्टुलावरून वहिनींकडे पाहिलं. वहिनी स्टुलाच्या पायाकडे पाहत होत्या. त्यांच्या अंगठ्याला सुरीनं आलेला फोड होता आणि तो त्याला वरून स्पष्ट दिसत होता.

“मी विचारतोय अशासाठी,” तपासनीस म्हणाला, “की स्क्रूच्या खाचा एका रेषेत लावणारे शोभेचे वायरमन मी खूप पाहिलेत. रेषेसाठी स्क्रू उलटा फिरवतात आणि अख्खी इमारत पेटवतात. ह्या माणसानं दिसण्याची पर्वा केलेली नाही. नुसतं घट्ट केलंय. असा माणूस आता मिळत नाही.”

सचिव पुढे सरकले. “म्हणजे हे काम यांचं नाही, असं तर नाही ना?”

ओळंब्यानं ‘माझं नाही’ म्हटलं तर उभ्या खाचांची अब्रू राहत होती आणि घर जात होतं. वहिनींनी पहिल्यांदाच वर पाहिलं. स्टूल इतकंसं हललं.

“माझंच आहे,” ओळंबा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज तिरपा निघाला.

तपासनीसानं तसं लेखी दिलं. सचिवांचा ड्रायव्हर आहे तिथंच राहिला. मोठ्या बाईंनी ते पत्र काचेत बसवून दिलं आणि ओळंब्यानं ते भिंतीवर अर्धा तास खपून अगदी सरळ लावलं.

त्या रात्री जेवताना तो खुंटीकडे पाहत होता. मग म्हणाला, “डब्यांच्या किल्ल्या दिसत नाहीत खुंटीवर.”

“माझ्याकडे आहेत.”

“दे जरा. उद्या एक नजर टाकून येतो.”

“नजर टाकून झालीय,” वहिनी म्हणाल्या. “भात घ्या.”

किल्ल्या त्यांच्याच कमरेला राहिल्या. दिवे पुन्हा लुकलुकले नाहीत. चार वर्षांनी ओळंबा निवृत्त झाला, तेव्हा सभागृहात निरोपाचा कार्यक्रम ठेवला. त्यानं सरळ उभं राहून भाषण केलं. “माझा एकच मंत्र,” तो म्हणाला. “खाच कुठंही जाऊ दे, स्क्रू घट्ट हवा. दिसण्यावर जाणारे वायरमन मला कधीच आवडले नाहीत.” टाळ्या जोरात पडल्या. मोठ्या बाईंनी डोळे पुसले.

पहिल्या रांगेत वहिनींच्या चष्म्याची काडी सुटून मांडीवर पडली. त्यांनी पिशवीतून सुरी काढली, उभी खाच तिरपी होईपर्यंत स्क्रू आवळला आणि राहिलेलं भाषण ऐकायला मान वर केली.